खोलीची शांतता

३ नोव्हेंबर

आजपासून ही वही. कारण साधं आहे. संध्याकाळच्या चहाला माझ्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस फेब्रुवारीत गेला आणि तक्रारी मात्र मागे राहिल्या. आईंना सांगून उपयोग नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मधूनमधून ‘हं’ म्हणतात आणि ते ‘हं’ कशालाही चालतं, दूध नासलं तरी आणि जग बुडालं तरी.

तर पहिली तक्रार. तो गेल्यापासूनचं पहिलं काम मिळालं आणि ते निघालं भुताचं. मी पोटासाठी पुस्तकं मोठ्याने वाचते. बंद खोलीत माइकसमोर बसून वाचायचं. लोक ते गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतात. प्रकाशनातली जी मुलगी मला काम देते तिला आम्ही घाईबाई म्हणायचो, कारण ती ‘हॅलो’सुद्धा अर्ध्यावर सोडते.

“ताई, जाडजूड आहे पण मस्त आहे. टेकडीवरचं घर, बंद खोली, विझणारे दिवे, सगळं आहे. महिनाअखेर हवंय. जमेल ना? जमवाच.”

मी जमेल म्हणायच्या आत फोन बंद.

सुरुवातीची पानं चाळली. एक परिचारिका एका आंधळ्या म्हाताऱ्याची देखभाल करायला त्या घरात येते. वरच्या मजल्यावर एक खोली कायम बंद. तिला दाराआडून कोणाचा तरी श्वास ऐकू येतो, आणि ही बया मेणबत्ती घेऊन अनवाणी निघते बघायला. मला या बायकांचा मनापासून राग आहे. अगं, कडी लाव, पांघरूण घे, सकाळी पगार माग आणि घरी जा. पण नाही. असल्या पुस्तकांत बाईने दाराकडेच जायचं असतं.

शेवट वाचलेला नाही. ती माझी पद्धत आहे. मला शेवट ठाऊक असला की तो माझ्या आवाजात आधीच दिसायला लागतो.

४ नोव्हेंबर

खोली उघडली. इतके महिने दार लावलेलंच होतं.

मुळात ही अडगळीची खोली. त्याने भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराला रबर लावलं, छताला जाड कापड ताणलं. तो ध्वनिमुद्रक होता. धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणत. शेजाऱ्यांचा फ्रिज बिघडणार आहे हे तो भिंतीला टेकून सांगायचा, आणि फ्रिज बिघडायचा. मी आत वाचत असताना तो दाराबाहेर स्टुलावर. माझं वाचून झालं की मी बाहेर आणि तो आत, कोपऱ्यातल्या टेबलाशी, कानांवर हेडफोन चढवून. एका खोलीत संसार केला आणि त्या खोलीत दोघं एकत्र असे कधी बसलोच नाही.

पुढचं सगळं काम आता मलाच करायचंय. मागच्या वर्षी त्याने ते मला बळजबरीने शिकवलं. मी म्हणायची, तू आहेस ना, मग माझ्या डोक्याला ताप कशाला? तो म्हणायचा, मला कंटाळा आलाय या कामाचा. आळशी मेला.

चूक झाली, खोकला आला, की तेवढा तुकडा कापायचा. पण कापलेल्या जागी नुसतं भोक राहिलं तर ऐकणाऱ्याला ठेच लागते, कारण कुठलीही खोली अगदी गप्प नसते. म्हणून त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरायची. ती आधी मुद्दाम मुद्रित करून ठेवलेली असते. त्याने दोन ठेवल्या आहेत. एकीचं नाव ‘शांतता रिकामी’, दुसरीचं ‘शांतता बसून’. त्याचं म्हणणं, रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा आणि माणूस बसलेल्या खोलीचा वेगळा. पुस्तक काही रिकामी खोली वाचत नाही. त्यामुळे वापरायची ती ‘बसून’. बसायचा तोच. मला कधी बसवलं नाही, माझ्या पोटात गुरगुरतं म्हणे. मी या दोन्ही कधी ऐकल्या नाहीत. शांतता काय ऐकायची? सुरुवातीचा तुकडा उचलायचा, चिकटवायचा, पुढे जायचं.

७ नोव्हेंबर

गळा गंजलाय. पहिल्या तीन प्रकरणांत इतक्या चुका की कापून आणि भरून नाकी नऊ आले. त्यात घाईबाईचा नवा नियम: पाठवण्याआधी सगळ्याचा आवाज बराच चढवायचा, लोक हल्ली रहदारीत ऐकतात. चढवला. मग त्याचे हेडफोन घालून पहिल्यापासून ऐकायला बसले.

परिचारिका जिन्यावर थबकते तिथे, माझ्या दोन वाक्यांच्या मधे, कोणीतरी श्वास घेतला.

मागे नेलं. पुन्हा ऐकलं. माझा नाही. मी तोंडाने घेते. हा नाकातून घेतलेला, आत जाताना अडखळणारा, आणि शेवटी बारीकशी शीळ.

ही शीळ त्याच्या आजारपणात माझ्या उशीशेजारी होती. धुळीची ॲलर्जी आहे म्हणायचा. डॉक्टरांनी तिला वेगळं नाव दिलं तोवर फुफ्फुसं आतून घट्ट झाली होती.

स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला तर अर्धा ओट्यावर सांडला. आईंनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. “हं,” त्या म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

मी भुतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. वीजबिलावर विश्वास ठेवणारी आहे. म्हणून आधी सरळ कारणं शोधली. शेजारचा नळ, वरच्यांचा पंखा, माइकची तार. तार बदलली. श्वास तिथेच.

आणि आज दुपारी बाजारातून आल्यावर त्याच्या खुर्चीत बसले तर पाय जमिनीला टेकले. त्याचे पाय लांब, त्याने खुर्ची कायम उंच ठेवलेली. मी बसले की माझे पाय लोंबकळतात आणि तो हसायचा. आज टेकले. खुर्चीतली हवा गेली असेल. दांडा ओढून पुन्हा वर केली.

खोलीत निलगिरीच्या मलमाचा वास होता. तो छातीला चोळायचा आणि वर तो तपकिरी स्वेटर घालायचा, तो वास. मी मलमाची डबी केव्हाच फेकून दिली आहे.

११ नोव्हेंबर

खुर्ची परत खाली. हेडफोनच्या गाद्या कोमट लागल्या. बाहेर थंडी आहे, मी नुकती दुकानातून आलेली, माझेच हात गार, त्यामुळे तसं वाटलं असेल.

असेल, असेल. किती वेळा लिहिणार आहे हा शब्द?

१२ नोव्हेंबर

आज शांतपणे बसून तो कुठे कुठे येतो ते पाहिलं. तो वाटेल तिथे येत नाही. जिथे मी चुकले होते तिथेच येतो. जिथे जीभ वळली नाही, शब्द गिळला गेला, ओळ सुटली, आणि मी तो तुकडा कापून टाकला, नेमकं तिथे.

आधी हसू आलं. जिवंतपणी हेच तर करायचा. मी अडखळले की दाराच्या छोट्या काचेवर बोटाने टकटक: पुन्हा घे. मला इतका राग यायचा त्या टकटकीचा. आता बोटं नाहीत म्हणून श्वास घेतो.

मग रडू आलं, आणि ते काही आवरेना. गाद्या ठोकलेल्या खोलीचा हा एक फायदा. बाहेर आईंना ऐकू जात नाही.

१४ नोव्हेंबर

हे लिहू की नको?

सहावं प्रकरण मी आज एकदाही न चुकता वाचलं. इतकं सरळ मी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. कुठे कापायला लागलं नाही, काही भरायला लागलं नाही. आवाज चढवला आणि ऐकलं. तो कुठेच नव्हता. सबंध प्रकरणभर मी एकटी बडबडत होते.

म्हणून पुन्हा वाचलं. या खेपेला चुकत. ‘दरवाजा’ला अडखळले, ‘कंदील’ दोनदा म्हटला, एका वाक्याच्या मधे मुद्दाम खाकरले. कापलं, भरलं, ऐकलं.

आला. प्रत्येक ठिकाणी आला.

१७ नोव्हेंबर

आई आज जेवताना माझ्याकडे बघत होत्या.

“किती वेळ त्या खोलीत कोंडून घेतेस?”

“काम आहे, आई.”

“काम आहे म्हणून बसतेस, की बसायला मिळावं म्हणून काम आहे?”

त्यांच्या ‘हं’ला मी उगाच नावं ठेवते. बोलतात तेव्हा नेमकं वर्मावर बोट ठेवतात. मी ताटात बघत राहिले. तो गेल्यापासून आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोलत नाही. एकीने विषय काढला तर दुसरी कोसळेल, अशी भीती बहुधा दोघींनाही आहे. त्यामुळे भाज्यांचे भाव, पाण्याची वेळ, गुडघे, एवढ्यावरच आमचं घर चालतं.

त्यांना थंडी फार बाधतेय यंदा. घरातसुद्धा दिवसभर शाल गळ्यापर्यंत लपेटलेली. आज बाजाराला निघाले तर म्हणाल्या, “सावकाश ये. एवढी काही घाई नाही.” पूर्वी मला जरा उशीर झाला की दारात उभ्या असायच्या. माणूस थकलं की बदलतं.

२० नोव्हेंबर

पुस्तकातल्या परिचारिकेची मला माफी मागायची आहे.

ती आता रोज त्या बंद दाराशी जाऊन बसते. घाबरते, हातपाय गार पडतात, आणि तरी जाते. म्हातारा मालक ओरडतो, स्वयंपाकीण नोकरी सोडून पळते, हिच्याही पेटीत कपडे भरलेले आहेत. पण पाय निघत नाही. एका पानावर ती दाराला कान लावून म्हणते, “तुम्ही जे कोणी असाल, माझ्यासाठी एकदा आणखी श्वास घ्या.”

तिथे मला माइक बंद करावा लागला.

मी तिला मूर्ख समजत होते. ती धीट आहे असंही नाही. लेखकाने मागे एका ओळीत सांगून टाकलंय की तिचा लहान भाऊ तापाने गेला तेव्हा ती त्याच्या उशाशी नव्हती. ती एक ओळ मी भाजीच्या यादीसारखी वाचून टाकली होती. तिला भूत बघायचं नाहीये. तिला आत कोणीतरी असायला हवंय. असं हवं असलं की भीतीसुद्धा चालते, भीतीतही सोबत असते. आणि इतकं हवं असणाऱ्या माणसाला कोणीही, कशानेही फसवू शकतं. तिला मात्र ते कळत नाही, बिचारीला.

२२ नोव्हेंबर

आनंदात आहे. हे वाचून कोणी मला वेडी म्हणेल, पण ही वही कोणी वाचणार नाही.

आता मी त्याच्यासाठी जागा सोडून वाचते. लांब वाक्याच्या शेवटी चूक पेरते आणि संध्याकाळी ऐकताना तिथे पोचण्याची वाट बघते. चहा खोलीतच घेते. ऐकता ऐकता त्याला दिवसभराचं सांगते: वाण्याने जुनं पीठ दिलं, वरच्या मुलाचे दात पडले, तुझी आई माझ्यावर डोळा ठेवून आहे. तो श्वास घेतो. शीळ वाजते, मग जरा खुर्ची कुरकुरते. पुरतं तेवढं.

सवय झाल्यावर एक मात्र जाणवलं. तो दमलेला वाटतो. गेल्यावरसुद्धा दम लागत असेल का माणसाला?

२५ नोव्हेंबर

सकाळी घाईबाईचा फोन.

“ताई, आमच्या तंत्रज्ञाने अर्धं पुस्तक ऐकलं. वाचन कमाल आहे हो. पण इतकी चिकटवाचिकटवी का? तुम्ही तर कधी एवढ्या चुकत नाही. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या शांततेत कोणीतरी बसलंय.”

“म्हणजे?”

“श्वास येतोय. एरवी कळला नसता, आवाज चढवल्यामुळे कळतो. त्याला आधी वाटलं खोलीत कोणी आहे. पण तो सगळीकडे एकच आहे, ताई. एकच श्वास, तीच शीळ, मग तेच खुर्चीचं कुरकुरणं. त्याने पडद्यावर आवाजाच्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या, रेघन् रेघ जुळते. तुम्ही भोकं भरायला जी शांतता वापरता ना, तिच्यातच आहे तो. ती बदला. दुसरी असेलच ना तुमच्याकडे?”

मी काही बोलले नाही.

“हॅलो? ताई? कोणाचा आहे तो श्वास?”

मग तिलाही उमगलं असावं. बराच वेळ ती फोन धरून होती. त्या मुलीला पहिल्यांदाच कसली घाई नव्हती.

रात्री नाही, संध्याकाळी नाही, लगेच जाऊन ‘शांतता बसून’ पहिल्यांदा सबंध ऐकली. तो खुर्चीत बसतो. एक श्वास घेतो, शीळ, खुर्ची कुरकुरते. मी उचलत आले तो एवढाच तुकडा. त्याच्यापुढे काहीच नाही. किती तरी वेळ काहीच नाही. मला वाटलं संपलं. मग कळलं की तो श्वास रोखून बसलाय. खोलीच्या शांततेत आपला श्वास येऊ नये म्हणून. आणि शेवटी पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा त्याने एकदम हवा ओढली, खोकल्याची सुरुवात झाली, आणि तिथे बंद.

तो आला नव्हता. कधीच आला नव्हता. मी चुकत होते आणि माझ्याच हाताने त्याला उचलून तिथे बसवत होते.

२६ नोव्हेंबर

पण खुर्ची? पण वास?

ते तर मी बसवलं नाही.

२७ नोव्हेंबर

दुपारी बाजाराला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले, पाकीट विसरलं होतं. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. मी ढकललं.

आई त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची खाली केलेली, पाय जमिनीला टेकलेले. शाल मांडीवर उतरवून ठेवलेली आणि अंगात त्याचा तपकिरी स्वेटर, बाह्या दुमडून दुमडून मनगटापर्यंत आणलेल्या. कानांवर हेडफोन. हेडफोनची तार टेबलावर सुटी पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती. डोळे मिटलेले.

मला राग आला. खरं लिहायचं तर राग आला. माझं उरलंसुरलं भूत त्या बाईने हिरावून घेतलं होतं. वास तो स्वेटरचा. ऊब ती त्यांच्या कानांची. संपलं सगळं. आता या घरात मेलेलं माणूस मेलेलंच होतं.

त्यांनी डोळे उघडले आणि धडपडून उठायला लागल्या, चोरी पकडल्यासारख्या.

“मी कशाला हात लावला नाही गं. नुसती बसते.”

“काय ऐकता?”

“काही नाही. यातून काहीच ऐकू येत नाही.” त्यांनी हेडफोन काढून मांडीवर घेतले. “तो तासन् तास हे कानांवर घालून बसायचा. मी हाका मारायची, जेवायला ये, तर ढिम्म. मला वाटायचं, काय ऐकतो एवढं. म्हणून घालून बघते. घातलं की बाहेरचं सगळं बंद होतं. बरं वाटतं जरा.”

त्यांचं नाक लाल झालं होतं. इतके दिवस मी गाद्यांच्या भिंतीआड रडत होते, आणि मी बाहेर पडले की त्याच भिंतींआड त्या. एका घरात दोन बायका, एकाच खोलीत पाळीपाळीने. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर परत चढवले, तार जोडली आणि ‘शांतता बसून’ लावली.

“हे काय?”

“ऐका.”

पहिल्या श्वासाला त्यांचा हात उठून स्वेटरच्या छातीवर गेला. पुढच्या त्या लांब गप्पपणात मी त्यांच्याकडे बघत होते. मला आवाज येत नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं तो कुठवर पोचलाय.

“धरून ठेवलाय त्याने,” त्या हळूच म्हणाल्या. “लहानपणी पाण्यात बुडी मारून असाच धरायचा. बघ किती वेळ राहतो म्हणायचा. मी काठावर उभी, जीव नुसता खालीवर.” मग एकदम दचकल्या. शेवट आला होता. “अगं, पण याला दम कुठे उरलाय? केव्हाचं आहे हे?”

“मागच्या वर्षीचं.”

“मागच्या वर्षी तर मला म्हणाला होता, ॲलर्जी आहे.”

“मलाही.”

“दोघींनाही?”

“दोघींनाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा काही चुरगळला की मला बघवेना. मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीवर, त्या स्वेटरवर, डोकं ठेवलं. फेब्रुवारीत स्मशानातून आल्यावर करायला हवं होतं ते आम्ही आज केलं. किती वेळ रडलो देव जाणे. बाजार राहिला. दूध नव्हतं, तर चहा बिनदुधाचा प्यालो.

“परत लाव,” आई म्हणाल्या.

लावलं.

२९ नोव्हेंबर

काल आणि आज दिवसभर त्याला काढत होते.

एकेका चुकीच्या जागी जायचं, तो तुकडा उचलायचा आणि तिथे ‘शांतता रिकामी’ ठेवायची. प्रत्येक ठिकाणी तो एकदा श्वास घ्यायचा आणि मग मी पुसून टाकायची. या महिन्यात मी किती चुकले होते ते आता कळलं. जेवढ्या आनंदाने पेरलं तेवढंच रडत उपटलं. ‘कंदील’पाशी हात थांबला. आई मागे स्टुलावर बसून होत्या. म्हणाल्या, “राहू दे का एक?” मी म्हटलं, ती मुलगी पकडेल. “हं,” म्हणाल्या. हे ‘हं’ मला कळलं.

मूळ तुकडा आहे. तो कुठे जात नाही. पण तो नवा श्वास कधीच घेणार नाही, हे मी आज पहिल्यांदा आतून मान्य केलं. फार दुखलं. अजून दुखतंय.

३० नोव्हेंबर

सकाळी शेवटचं प्रकरण वाचलं.

परिचारिकेला किल्ली सापडते. ती दार उघडते. आत काही नाही. रिकामी खोली, खिडकीची एक काच फुटलेली, आणि त्या भोकातून येणारा वारा. वारा! एवढं जाडजूड पुस्तक, आणि वारा! मी लेखकाला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण पान उलटलं तर ती परिचारिका जमिनीवर बसून हमसाहमशी रडत होती. सुटले म्हणून नाही. भीती गेली आणि तिच्या जागी काहीच उरलं नाही म्हणून. मग ती उठते, खाली जाते, आणि आंधळ्या म्हाताऱ्याला त्याचं औषध देते, कारण औषधाची वेळ झालेली असते. तो विचारतो, कोण होतं आत? ती म्हणते, कोणी नाही. तो तिचा हात सोडत नाही. म्हणतो, मलाही ऐकू यायचं. संपलं पुस्तक.

एकदाही चुकले नाही. कुठे कापावं लागलं नाही. एवढ्या बारक्या अंगकाठीच्या बाईत ते औषध ओतायला जाण्याचं बळ कुठून आलं असेल, ते लेखकाने सांगितलेलं नाही. मला वाटतं त्यालाही ठाऊक नसावं.

घाईबाईला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “मिळालं ताई. तो तुकडा जपून ठेवा.” पूर्ण वाक्यं, दोन्ही.

मग आईंना हाक मारली. खुर्ची त्यांच्या मापाची करून दिली आणि माइक त्यांच्याजवळ ओढला.

“मी काय करायचं?”

“काही नाही. नुसतं बसायचं, मी सांगेपर्यंत. खोलीची शांतता घेतेय.”

“माझी कशाला? पुस्तक तर संपलं ना?”

“असू दे. लागेल.”

त्यांनी मान हलवली. फोटो काढताना बसावं तशा ताठ बसल्या, हात मांडीवर, स्वेटरच्या बाह्या नीट ओढून. मी मुद्रण सुरू केलं आणि यंत्राकडे बघत राहिले. आवाजाची रेघ सपाट. बराच वेळ सपाट. मला शंका आली म्हणून वर पाहिलं. आईंचे गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, डोळे माझ्यावर. माझ्या कामात आपला आवाज येऊ नये म्हणून त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

मी यंत्र बंद केलं नाही.

“आई, धरू नका,” मी म्हटलं. “घ्या श्वास.”

“येईल ना तो त्यात?” त्या हवा सोडत म्हणाल्या.

“येऊ द्या.”